जुलैत पिवळं पडलेलं ब्लीडिंग हार्ट: न्यू जर्सीतल्या एका बागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य न्यू जर्सीतलं एक मराठी कुटुंब. नवरा-बायको, दोन मुलं आणि मे महिन्यात साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी. घर आणि गाव ओळखू येईल असे तपशील इथे वगळले आहेत. घराच्या पूर्वेकडच्या भिंतीला लागून ४ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद मातीची पट्टी आहे. सकाळी तीन तास ऊन, नंतर घराची सावली. माती या भागात नेहमी सापडते ती, लालसर शेल खडकापासून झालेली चिकण माती.

मेच्या मध्यावर सुनेने नर्सरीतून ब्लीडिंग हार्टची चार रोपं आणली. एक गॅलनच्या कुंड्या, फुलांनी लदलेल्या. कमानीसारखी वाकलेली दांडी आणि तिला ओळीने लोंबकळणारी गुलाबी, बदामाच्या आकाराची फुलं. प्रत्येकाच्या टोकाला पांढरा थेंब. वनस्पतिशास्त्रात हे लॅम्प्रोकॅप्नॉस स्पेक्टॅबिलिस. जुन्या पुस्तकांत आणि बऱ्याच नर्सऱ्यांच्या पाट्यांवर अजूनही डायसेंट्रा स्पेक्टॅबिलिस असंच लिहिलेलं असतं. तीन रोपं भिंतीच्या पट्टीत लागली. चौथ्याला जागा उरली नाही, म्हणून ते मागच्या अंगणात, ओकच्या झाडाजवळच्या उतारावर लावलं. या चौथ्या रोपाकडे पुढे कोणी फारसं पाहिलं नाही, आणि निदानाला नेमका त्याचाच उपयोग झाला.

नावाचा घोटाळा इथेच सुरू झाला. आजींच्या साताऱ्याच्या घरी ओट्याच्या खांबावर एक वेल होता, पांढऱ्या कंदिलासारख्या पाकळीकोशातून लाल फूल डोकावणारा. तिकडच्या नर्सरीत त्यालाही ब्लीडिंग हार्टच म्हणतात. तो क्लेरोडेंड्रम थॉम्सोनी, मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. उष्णता त्याला मानवते, भर वाढीत तो पाणी मागतो आणि कडाक्याच्या थंडीत पानं गाळतो. नर्सरीतलं रोप सायबेरिया, उत्तर चीन, कोरिया या थंड पट्ट्यातलं, अफूच्या कुळातलं. त्याचं वर्ष उलटं चालतं. बर्फ सरलं की घाईने फुटायचं, एप्रिल-मेमध्ये फुलायचं आणि ऊन तापलं की जमिनीवरचा सगळा पसारा आवरून गड्ड्यात जाऊन बसायचं. दोघांचं नाव एकच, पण नातं काही नाही.

समस्या

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पारा ३२ अंशांच्या वर गेला आणि पट्टीतल्या तिन्ही रोपांची खालची पानं पिवळी पडायला लागली. आजींना ती तहान वाटली. साताऱ्याच्या वेलाची पानं मे महिन्यात मलूल झाली की संध्याकाळी बादलीभर पाणी दिल्यावर सकाळी तो ताठ व्हायचा. तोच उपाय इथे झाला. रोज संध्याकाळी दहा मिनिटं नळीने पाणी.

त्यात आणखी दोन पाणी मिळत होती, ज्यांचा हिशेब कोणी केला नव्हता. हिरवळीच्या स्प्रिंकलरचं एक तोंड पट्टीकडे वळलेलं होतं आणि ते रोज पहाटे वीस मिनिटं चालायचं. शिवाय छपराच्या पन्हाळीचा पाइप पट्टीच्या उत्तर टोकाला मोकळा सुटत होता. जुलैत वळवासारखे गडगडाटी पाऊस आले की अर्ध्या छपराचं पाणी तिथेच कोसळायचं. महिन्याच्या मध्यावर नवऱ्याने हिरवळीसाठी आणलेलं नत्रयुक्त खत मूठमूठभर रोपांच्या बुडाशी टाकलं. पानं पिवळी म्हणजे नत्र कमी, हा त्यांचा तर्क.

जुलै संपेपर्यंत तिन्ही रोपं आडवी झाली. दांड्या ओढल्या तर बुडाशी बुळबुळीत होऊन हातात येत होत्या. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सुनेने उकरून पाहायचं ठरवलं. पन्हाळीजवळचं पहिलं रोप म्हणजे काळा, वास मारणारा लगदा. दुसऱ्याची तीच गत. तिसरं पन्हाळीपासून सर्वांत लांब होतं. त्याच्या गड्ड्याचा अर्धा भाग तपकिरी आणि मऊ, उरलेला कडक. मग चौथ्याची आठवण झाली. उतारावर जमिनीच्या वर काहीच नव्हतं, वाळक्या दोन काड्या तेवढ्या. पण बोटांनी माती बाजूला केल्यावर गड्डा टणक लागला. मुळं जाड, फिकट पिवळसर, आणि डोक्यावर गुलाबी छटेचे बारीक डोळे. पुढच्या वसंताची तयारी ऑगस्टमध्येच झालेली होती.

निदान

चारही रोपं पिवळी पडली होती. मेली दोन. म्हणजे पिवळेपणा हे मरणाचं कारण नव्हतं, ही पहिली गोष्ट चौथ्या रोपाने दाखवली.

ब्लीडिंग हार्टचं पिवळं पडणं दोन तऱ्हांचं असतं आणि ते वेगळं ओळखता येतं. झोपेला निघालेलं रोप फुलं संपल्यावर खालच्या पानांपासून सावकाश पिवळं होतं. सगळं पान एकसारखा रंग घेतं, दांडी गवताच्या काडीसारखी कोरडी होते, पण बुडाशी टणक राहते. याला दोन-तीन आठवडे लागतात. कुजणारं रोप हिरवं असतानाच अचानक मान टाकतं. दांडीचं बूड तपकिरी आणि ओलं होतं, ओढली की सहज सुटते आणि वास येतो. या बागेत आधी पहिला प्रकार झाला. त्याला आजार समजून जे उपचार केले, त्यांतून दुसरा झाला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे हळदीवरून लगेच कळेल. हळदीचा पाला पिवळा पडून लोळायला लागला की कोणी पाणी वाढवत नाही, उलट तोडतात. तेव्हा पाणी दिलं तर कंदकूज ठरलेली. फरक एवढाच, की हळद हिवाळ्यात झोपते आणि हे रोप भर उन्हाळ्यात. उन्हाळ्यात पिवळं पडलेलं झाड झोपलं असेल, हे आपल्याकडच्या बागकाम करणाऱ्याच्या चटकन मनातच येत नाही.

पाणी साचत होतं याची खात्री करायला निचऱ्याची चाचणी केली. ३० सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा, तो काठोकाठ भरून पूर्ण जिरू द्यायचा, मग लगेच दुसऱ्यांदा भरून तासाला किती उतरतो ते पट्टीने मोजायचं. तासाला अडीच ते साडेसात सेंटिमीटर ठीक. भिंतीच्या पट्टीत उतरलं जेमतेम १ सेंटिमीटर. उतारावर ४.

लावणीतही एक चूक होती. कुंडीतल्या रोपांभोवती पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा चुरा) घातलेली हलकी, स्पंजासारखी माती असते. चिकण मातीत कुदळीने गुळगुळीत भिंतींचा खड्डा करून त्यात मुळांसकट ती माती जशीच्या तशी बसवली, तर तो खड्डा मातीच्या बादलीसारखा वागतो. आजूबाजूचं पाणी हलक्या मातीत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. गड्डा त्या बादलीत बुडून राहिला. पानं असताना रोप काही पाणी ओढून घेतं. पानं गेल्यावर तेही बंद, आणि नळी मात्र चालूच.

पर्याय

एव्हाना ऑगस्ट मध्यावर आला होता. निर्णय तीन होते: अर्ध्या कुजलेल्या तिसऱ्या रोपाचं काय, चौथ्याचं काय, आणि पट्टीचं काय.

बुरशीनाशक ओतायचा विचार आधी झाला. तो सोडला, आणि सोडला ते बरं झालं. कुजलेला भाग औषधाने परत येत नाही. कुजवणाऱ्या बुरशा अनेक असतात आणि कोणती ते तपासणीशिवाय कळत नाही. आणि मूळ कारण पाणी होतं. रटगर्स विद्यापीठाच्या वनस्पतिरोग प्रयोगशाळेत शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो, पण कुटुंबाने तो पाठवला नाही. त्याची किंमत पुढच्या निर्णयात मोजावी लागली. मातीत नक्की कोणती बुरशी आहे हे ठाऊक नसल्यामुळे त्या पट्टीत पुन्हा ब्लीडिंग हार्ट लावायचं नाही, असं ठरवणं भाग पडलं.

तिसरं रोप तिथेच ठेवून पाणी बंद करणं हा सोपा मार्ग होता. पण कूज अर्ध्यावर पोहोचलेली, माती ओलीचिंब, वाफसा यायलाच दहा-बारा दिवस लागले असते. तोवर उरलेला भागही गेला असता. ऑगस्टच्या उकाड्यात गड्डा हलवणं एरवी टाळावं, इथे मात्र न हलवण्याचा धोका जास्त होता.

चौथ्याबद्दल मोह उलटा झाला. गड्डा चांगला आहे, डोळे आहेत, तर त्याचेच तुकडे करून तीन रोपं करावीत. हे नाकारलं. याची मुळं जाड पण ठिसूळ, गाजरासारखी कटकन मोडतात. पहिल्याच वर्षीचा गड्डा फोडला तर प्रत्येक तुकड्याला उभं राहायला दोन-दोन वर्षं लागतात. तीन ते पाच वर्षांच्या जुन्या गड्ड्याची वाटणी करावी, तीही शरद ऋतूत किंवा कोंब वर यायच्या आत.

हिवाळाभर कुंडीत ठेवण्याचा पर्यायही मांडला गेला. घरात, उबेला ठेवणं चुकीचं ठरलं असतं, कारण पुढच्या वर्षी फुलण्यासाठी या गड्ड्याला काही आठवडे ५ अंशांच्या आसपासची थंडी लागतेच. पुण्यातच काय, महाबळेश्वरातही हे रोप नीट न फुलण्याचं कारण तेच. बाहेर कुंडीत ठेवायचं तर माती वारंवार गोठते, विरघळते आणि मुळं फाटतात. म्हणून हिवाळ्याआधी जमिनीत लावायचं, हे नक्की झालं.

काय केलं

तिसरा गड्डा काट्याच्या फावड्याने लांबून उचलून पाण्याने धुतला. कुजलेला भाग धारदार सुरीने कापला, प्रत्येक कापाआधी सुरी ७० टक्के अल्कोहोलने पुसली. कापलेला भाग एकसारखा फिकट पिवळसर दिसेपर्यंत कापत जायचं. मध्ये तपकिरी रेघ दिसली तर आणखी खाली. उरला मुठीएवढा तुकडा, त्यावर दोन डोळे. हातमोजे घालून काम केलं, कारण या झाडाचा रस काहींच्या त्वचेला झोंबतो. झाडात विषारी अल्कलॉइड असतात, त्यामुळे ते तुकडे मुलांच्या वा कुत्र्याच्या वाटेत टाकायचे नाहीत.

तुकडा एक दिवस सावलीत सुकवला. मग २० सेंटिमीटरच्या कुंडीत, पाइनच्या सालीचा बारीक चुरा, कुंडीची तयार माती आणि पर्लाइट (निचऱ्यासाठी वापरतात ते हलके पांढरे खनिज कण) समभाग, डोळे ३ सेंटिमीटर खाली. सुरुवातीला कपभर पाणी. पुढे बोट घालून वरचे ५ सेंटिमीटर कोरडे लागले तरच. कुंडी उत्तरेच्या सावलीत, पावसापासून आडोशाला. आजींना हे सर्वांत अवघड गेलं. पानच नाही अशा कुंडीकडे महिनाभर नुसतं पाहत बसायचं.

सप्टेंबरच्या अखेरीस उतारावर गादीवाफा केला. १.२ गुणिले २.४ मीटर, २५ सेंटिमीटर उंच. निम्मी तिथलीच वरची माती, पाव भाग पालापाचोळ्याचं दोन वर्षं मुरलेलं खत, पाव भाग पाइनच्या सालीचा चुरा. वाळू घातली नाही. चिकण मातीत थोडी वाळू मिसळली की ती विटेसारखी घट्ट होते. जागा निवडताना एक अडचण आली. आधी वाफा थेट ओकच्या खाली आखला होता. पण झाडाच्या मुळांवर २५ सेंटिमीटर मातीचा थर टाकला तर मुळांना हवा मिळत नाही आणि मोठं झाड काही वर्षांनी वाळायला लागतं. म्हणून वाफा फांद्यांच्या घेराबाहेर पूर्वेला सरकवला. सकाळचं ऊन, दुपारनंतर ओकची सावली.

मातीची तपासणी रटगर्सच्या प्रयोगशाळेतून करून घेतली होती. सामू (pH) ६.३ आला, या झाडाला योग्य, त्यामुळे चुना टाकला नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिसरा तुकडा वाफ्यात गेला, डोळे जमिनीखाली ४ सेंटिमीटर. चौथं रोप जागेवरच ठेवलं. त्याला हलवण्याचं काही कारणच नव्हतं. वरून ५ सेंटिमीटर पाल्याचं आच्छादन, गड्ड्याच्या डोक्यापासून चार बोटं दूर. प्रत्येक गड्ड्याच्या दोन बाजूंना बांबूच्या काठ्या. झोपलेला गड्डा दिसत नाही, आणि दुसरं काही लावायला जाऊन कुदळीने तो चिरणं ही या झाडाच्या बाबतीत फार नेहमीची चूक आहे.

पट्टीचं काम त्यामानाने लहान होतं. पन्हाळीला दोन मीटरचा जोडपाइप लावून पाणी हिरवळीत सोडलं आणि स्प्रिंकलरचं तोंड फिरवलं. माती मात्र तीच राहिली. मग तिथे पाणी कमी करण्याऐवजी पाणी पिणारी झाडं लावायची ठरली. दोन अ‍ॅस्टिल्बे, आणि दक्षिण टोकाला, जिथे ऊन जरा जास्त आहे, अळू. मोरीच्या पाण्यावर अळू वाढवलेल्या माणसाला ही जागा ओळखायला वेळ लागला नाही.

परिणाम

दुसऱ्या वर्षी मार्चअखेरीस चौथ्याचे लालसर कोंब आले. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कोंब वीतभर असताना एका रात्री पारा उणे २ ला गेला. चौथ्यावर काठ्यांच्या आधाराने जुनी चादर टाकली होती, त्याला काही झालं नाही. तिसऱ्याचे दोन कोंब इतके लहान होते की झाकायचे राहून गेले. एक काळा पडला, दुसरा वाचला. त्या वर्षी तिसऱ्याला फूल आलं नाही, पानं मात्र निरोगी. चौथ्याने सात दांड्या फुलवल्या, मेअखेरपर्यंत.

एप्रिल ते जून पाणी आठवड्याला २५ मिलिमीटर, पाऊस धरून. वाफ्याच्या क्षेत्रफळाला ते सुमारे ७२ लिटर होतं. खत म्हणून मार्चमध्ये दोन-तीन सेंटिमीटर कंपोस्ट, बाकी काही नाही. जुलैत पुन्हा पानं पिवळी झाली. या वेळी नळी बंद केली. पूर्ण वाळल्यावर दांड्या कापल्या, खुणेसाठी ४ सेंटिमीटरचे खुंट ठेवले. ऑगस्टमध्ये तीन आठवडे पाऊस नव्हता, तेव्हा एकदाच हलकं पाणी दिलं.

जुलैनंतर पडणारं टक्कल झाकायला मधे होस्टा आणि ख्रिसमस फर्न लावले होते. होस्टा जून संपायच्या आत हरणांनी देठापर्यंत खाल्ले. शेजारच्या ब्लीडिंग हार्टला त्यांनी तोंड लावलं नाही. फर्न टिकले. त्याच वसंतात आणलेली ‘लक्झुरियंट’ जातीची दोन रोपं वेगळ्या वळणाची निघाली. हा अमेरिकेतल्या रानटी डायसेंट्रांच्या वंशातला संकर, जेमतेम फूटभर उंच, पानं बारीक कातरलेली. आठवड्याचं पाणी मिळालं तर उन्हाळ्यातही हिरवा राहतो आणि अधूनमधून फुलतो. त्यातलं एक छान पसरलं, दुसरं गोगलगायींनी कुरतडून लहानच ठेवलं.

तिसऱ्या वर्षी वाचवलेल्या तुकड्याला तीन दांड्या फुलल्या.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णय नर्सरीतच चुकला, आणि त्यात कुटुंबाचा दोष कमी आहे. मे महिन्यात फुललेलं रोप विकत घेणं म्हणजे त्याच्या वर्षातला शेवटचा अंक पाहणं. मुळं नव्या मातीत जायच्या आत त्याची झोपायची वेळ येते. हेच रोप सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, किंवा नुसता गड्डा मार्चअखेरीस लावला असता तर जुलै येईपर्यंत मुळं बसली असती. तेव्हा कुंडीत फुलं नसतात, त्यामुळे विकत घेण्याचा मोह होत नाही, ही खरी अडचण.

निचऱ्याची चाचणी लावणीनंतर तीन महिन्यांनी झाली. तिला एक फावडं, एक बादली आणि पाणी जिरेपर्यंत फार तर एक-दोन दिवस लागतात. ती मेमध्ये झाली असती तर चारही रोपं उतारावर गेली असती.

जुलैत मात्र निर्णय खरोखर अवघड होता. पिवळं पान पाहून पाणी द्यायचं की थांबायचं, हे वरून पाहून ठरत नाही. तेव्हा एका रोपाच्या बुडाशी दोन बोटं खोल उकरून गड्डा दाबून पाहणं पुरेसं होतं. टणक असेल तर पाणी बंद. आणि घरात पाणी देणारे हात तीन असतील, म्हणजे माणूस, स्प्रिंकलर आणि छप्पर, तर कोण किती देतं याचा हिशेब एकाने ठेवायला हवा. पट्टीत टूना माशाचा रिकामा डबा ठेवून रोज सकाळी त्यातलं पाणी मोजलं असतं तरी चित्र आठवड्यात स्पष्ट झालं असतं.

नमुना प्रयोगशाळेत न पाठवण्याबद्दल मतं वेगळी असू शकतात. दोन रोपांसाठी शुल्क भरणं जास्त वाटतं. पण पट्टीत पुन्हा अफूच्या कुळातलं काही लावता येईल का, हा प्रश्न त्यामुळे कायमचा लोंबकळत राहिला. तूर्त तिथे अळू आहे. पहिलं दव गोठायच्या आत, ऑक्टोबरच्या मध्यावर त्याचे कंद उचलून तळघरात कोरड्या पीटमध्ये ठेवले जातात, आणि मेच्या मध्यावर माती तापली की परत लावले जातात.